बारावा रकाना

बारावा रकाना पिवळा झाला तेव्हा सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. दोन्ही गोष्टी तिला एकदमच दिसल्या. वाकून नाडी बांधावी की नाही, एवढाच विचार काही क्षण तिने डोक्यात फिरवत ठेवला, कारण दुसरा विचार दारात येऊन उभा होता आणि त्याला आत घ्यायची तिची तयारी नव्हती. खोलीत थंड पेट्यांची घरघर चालू होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं, आणि झटकण्याचा आवाज चादरीच्या मागून, जरा उशिरा येत होता. तिने प्लेट हातावर घेऊन उजेडाकडे धरली. पिवळाच. पिकल्या लिंबासारखा, आठही खळग्यांत सारखा.

ती लस रचणारी बाई. टोचणारी नव्हे, हे नातेवाइकांना सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते आणि तरीही दर महिन्याला कुणीतरी फोन करून विचारायचंच, की येताना सुई घेऊन येशील का, धाकट्याचा एक डोस राहिलाय. तिचं काम सुईच्या फार अलीकडचं. विषाणूच्या अंगावरचा कुठला तुकडा शरीराला दाखवायचा, कोणत्या बाजूने, किती सरळ उभा करून, हे ठरवायचं. शरीर त्या तुकड्याला ओळखून प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती झाली की नाही हे या प्लेटवर कळतं. तळहाताएवढं प्लास्टिक, त्यात शहाण्णव खळगे, आठ ओळी, बारा रकाने. खळग्याच्या तळाला लसीतलं प्रथिन चिकटवायचं, त्यावर लस टोचलेल्या उंदराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे वर निवळलेलं पाणी, ओतायचं. ओळख असेल तर प्रतिपिंडं प्रथिनाला धरून बसतात आणि शेवटच्या द्रावणाने खळगा पिवळा होतो. ओळख नसेल तर पाणी पाण्यासारखंच राहतं. पहिले अकरा रकाने पिवळे होते, ते व्हायलाच हवे होते. बारावा तिने रिकामा सोडायला सांगितला होता.

“मावशी, बाराव्यात काय घातलंत?”

प्लेटा भरणाऱ्या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणायची. एकतीस वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांचा हात कापला किंवा खळगा चुकला असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुमचं काही नाही घातलं. शेजारच्या खोलीतलं प्रथिन उरलं होतं, ते तळाला घातलं, वर सीरम आपलंच.”

“शेजारचं म्हणजे त्या दुसऱ्या विषाणूचं?”

“तेच. फेकायचं जिवावर आलं. आणि ताई, रकाना रिकामा राहिला ना, की मला हसणाऱ्या माणसाचा पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. मी आपली भरून टाकते.” मग त्या वळल्या, प्लेटकडे पाहिलं, आणि त्यांचे ओठ जरा पुढे आले. “अगंबाई. हे कसं हो?”

हे कसं, ते तिला कळलं होतं. या उंदरांनी तो दुसरा विषाणू जन्मात पाहिलेला नव्हता. त्याच्या प्रथिनात आणि तिच्या प्रथिनात सारखं असं एकच होतं: चिमटा. विषाणूच्या अंगावरच्या ज्या प्रथिनावर तिने आयुष्याची अकरा वर्षं घातली, त्याच्या तीन पाकळ्या असतात. तिन्ही एकत्र उभ्या राहिल्या की त्यांच्यामध्ये एक खाच दिसते, आणि विषाणू पेशीत शिरतो तो त्या खाचेच्या जोरावर. खाचेत जाऊन बसणारं प्रतिपिंड मिळालं की विषाणूला दार बंद. पण भांड्यात बनवलेल्या पाकळ्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहत नाहीत, लोळण घेतात. म्हणून तिने त्यांना खालून एक चिमटा लावला. तिसऱ्याच कुठल्यातरी जिवाच्या प्रथिनातला लहानसा तुकडा, देठासारखा, तिन्हींना धरून ठेवणारा. तो इतका घट्ट धरायचा की शेजारच्यांनीही आपल्या विषाणूसाठी उसना घेतला होता, आणि त्याचं तिला मनातून कौतुक वाटायचं, आपल्या हातचा स्वेटर दुसऱ्याच्या मुलाच्या अंगात बघावा तसं. गेली दोन वर्षं तिच्या लसीचे आकडे डोळे दिपवणारे होते. सीरमचा एक थेंब लाख थेंबांत विरघळवला तरी खळगा पिवळा व्हायचा. मात्र प्लेटच्या तळाला चिकटवलेलं प्रथिनही चिमट्यासकटच असायचं, कारण चिमट्याशिवाय ते प्लेटवरही उभं राहत नव्हतं. ज्याने शिकवलं त्यानेच परीक्षा घेतली होती. प्रतिपिंडं पाकळ्यांना धरून बसलीत की चिमट्याला, हे दोन वर्षांत कुणी वेगळं विचारलंच नव्हतं. कुणी म्हणजे तिने.

आणि गुरुवारी निवड होती. समिती दोन रचनांमधून एक उचलणार होती, तिची किंवा तिच्या दाढीवाल्या सहकाऱ्याची, आणि जी उचलतील ती माणसांना टोचली जाणार होती. आधी चाळीस जणांना, मग चारशे, मग मोजदाद सोडून. दुसरी कपाटात जाणार होती. दाढीवाला खालच्या मजल्यावर बसायचा. त्याच्या रचनेत चिमटा नव्हता, त्याने पाकळ्या एका पोकळ गोळ्यावर टाचल्या होत्या, आणि त्याचा आकडा तिच्या दहाव्या हिश्शाएवढाही नव्हता. आज सोमवार होता. ती सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि अशी निवड या इमारतीत दहा-बारा वर्षांतून एकदा होते.

मावशींनी हातमोजे काढले, बोटं एकमेकांत गुंफली, दाराकडे बघून आवाज खाली आणला. “तुम्ही तर रिकामाच ठेवा म्हणाला होतात. चूक माझी. प्लेट हातातून पडली असं लिहू का वहीत? एकतीस वर्षांत एक प्लेट पडली तर कुणी फासावर देत नाही.”

मावशींचा स्वर इतका सरळ होता, चहात साखर घालू का विचारावं तितका. खरं म्हणजे तिने मनात ती प्लेट पाडून पाहिली. प्लास्टिकचा हलका, पोकळ आवाज. फरशीवर पिवळे ओघळ. फडकं. संपलं. गुरुवार तसाच आला असता, टाळ्या तशाच वाजल्या असत्या. आणि चाळीस माणसांच्या दंडात...

“पडली नाही ना,” ती म्हणाली. “मग पडली कसं लिहायचं? उद्या पुन्हा लावू. या वेळी नुसता चिमटा चिकटवा तळाला. बाकी काही नको.”

“आणि तोही पिवळा झाला तर?”

“तर पिवळा लिहायचा.”

मग ती स्टुलावर बसली आणि रकाने मोजायला लागली, नव्याने, डावीकडून, आकडे मुळात छापलेले असूनही. अकरा रकाने, अकरा वर्षं. पहिला रकाना: ज्या वर्षी चिमटा सापडला ते वर्ष, पावसाने भिजलेली छत्री तिने संगणकावरच उघडी वाळत घातली होती आणि कुणी ओरडलं नव्हतं, कारण पडद्यावर तीन पाकळ्या उभ्या होत्या. दुसरा. तिसरा. काही नाही, नुसती सकाळी येऊन संध्याकाळी गेलेली वर्षं. चौथा: आईचं आजारपण, दवाखान्याच्या बाकावर बसून तपासलेले आलेख. पाचवा काही नाही. सहावा: वहीचं एक पान, त्यावर लिहिलं होतं, ‘चिमटा साखरेने झाकून पाहावा’, आणि त्यावर तिनेच मारलेली काट. का मारली काट? साखरेने आकडा पडतो म्हणून. शरीराच्या स्वतःच्या पेशी साखरेच्या साखळ्या पांघरून असतात. प्रथिनावर तशाच साखळ्या चढवल्या की शरीर तो भाग आपलाच समजून सोडून देतं, तिकडे बघत नाही. तिने तेव्हा एक लहानसा प्रयोग केला होता आणि आकडा निम्म्याच्या निम्म्यावर आला होता, आणि तिने त्याचा अर्थ लावला होता की साखर लस बिघडवते. काट सरळ होती, पट्टी धरून मारल्यासारखी. सातवा रकाना, आठवा. नववा: विषाणू थेट पेशींवर सोडून बघायची चाचणी, आणि तिचा मध्यम, रडतखडत आलेला निकाल, सर, म्हणजे इमारतीचे प्रमुख, म्हणाले, तिसऱ्या डोसनंतर सुधारेल, आणि तिने मान हलवली. इथे ती थांबली. त्या मान हलवण्याची तिला आठवण होती, मानेला. म्हणजे आजचा पिवळा हा आजचा नव्हता. तो नवव्या रकान्यातच होता, कदाचित सहाव्यात, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती दुसरीकडे बघत होती. कुठे? मोठ्या आकड्याकडे. डावीकडे वाजणाऱ्या...

माकड. ते असं अचानक आलं, झांजांसकट. तिच्या वडिलांचं फोटो काढायचं दुकान होतं, शाळेसमोरच्या रस्त्यावर, मागे तळ्याचा रंगवलेला पडदा, दोन दिवे, एक फिरतं स्टूल. लहान मुलं दिव्यांना घाबरून भोकाड पसरायची. म्हणून वडिलांनी एक चावीचं माकड आणलं, लाल टोपीवालं, झांजा वाजवणारं, आणि ते कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूच्या तिवईवर ठेवलं. चावी दिली की झणझणझण, आणि रडणं जागच्या जागी बंद. दुकान त्या माकडावर चालायचं. माकडवाला फोटोग्राफर म्हणायचे. आणि बारा वर्षं त्या शहरातल्या लहान मुलांचा प्रत्येक फोटो असा आला की डोळे टपोरे, तोंड हसरं, चेहऱ्यावर उजेड छान, आणि नजर जराशी बाजूला. तिचेही सगळे तसेच. शाळेच्या ओळखपत्रावर ती कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी दिसायची. एक शिक्षिका म्हणाली होती, ही मुलगी विचारी आहे. विचारी कसली, माकडाकडे बघत होती.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घड्याळाचा पट्टा शिवत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्याने अधू, दुसऱ्याने सगळ्यांच्या वरताण. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि बसण्याआधीच विचारलं.

“बाबा, माकडाचं तुम्हाला कधी कळलं?”

“काय कळलं?”

“पोरं बाजूला बघतात ते.”

त्यांनी सुई पट्ट्यात खोचून ठेवली. “ये शहाणे, नीट विचार. कळलं कधी, की कबूल कधी केलं? दोन वेगळ्या तारखा आहेत त्या.”

“दोन्ही सांगा.”

“कळलं ते एका शाळेचे फोटो वाळत घातले होते तेव्हा. तीस चेहरे दोरीला. आणि तिसांच्या तीस खिडकीबाहेर बघत होते. मी पण बघितलं बाहेर, म्हटलं काय आहे एवढं.” ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. “मग लक्षात आलं.”

“मग?”

“मग काय. वाळले, कापले, देऊन टाकले.”

“कळल्यावर?”

“कळल्यावर आठ महिने, बाळ. माकड चालत होतं ना. पोरं रडत नव्हती, आईबाप खूश होते, लाइन लागत होती दुकानात. मी स्वतःला म्हणायचो, छान दिसतंय की, जरा वेगळं आहे. आपलीच युक्ती असली की तिच्यावर डोळे वटारता येत नाहीत.” त्यांनी सुई पुन्हा उचलली, पण शिवलं नाही. “मग एक बाई आली. तिचा मुलगा तापात गेला होता. सहा वर्षांचा. माझ्याकडचा फोटो घेऊन आली, फडक्यात गुंडाळून. म्हणाली, यात तो माझ्याकडे बघत नाही. तुमच्याकडे दुसरा असेल, समोर बघणारा. तो द्या.”

पंख्याचा वारा टेबलावरच्या दोऱ्याला हलवत होता. तिने दोऱ्यावर बोट ठेवलं.

“सगळे डबे उपसले. त्याच्या चार निगेटिव्ह निघाल्या, चार वेगळ्या वर्षांच्या. चारही माकडाकडे.” त्यांनी पट्टा टेबलावर सरळ करून ठेवला. “ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, असू दे, तुम्हाला त्रास दिला.”

हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. तिला आठवत होती ती दुकानावर लावलेली पाटी, वडिलांच्या वळणदार अक्षरातली: या दुकानात काढलेले लहान मुलांचे सर्व फोटो पुन्हा काढून मिळतील. तिला आठवत होतं की शाळेत तिची टिंगल झाली, तुझ्या बाबांना बारा वर्षांनी कॅमेरा सापडला, असं म्हणायची मुलं. ती घरी येऊन रडली होती आणि वडिलांवर चिडली होती, की पाटी लावायची काय गरज होती, कुणाला कळलं असतं?

“माकड नसताना बघायची समोर?” तिने विचारलं.

“लगेच नाही बघायची. सवय झाली होती ना त्या तिवईची. ज्यांचा पहिला फोटो माकडासमोर झाला ती पोरं पुढेही यायची आणि आधी तिकडेच मान वळवायची. मी माकडावर काळं फडकं टाकलं. फडक्याकडे किती वेळ बघणार? कंटाळायची, आणि मग कॅमेऱ्यातलं भिंग चकाकतं तिकडे नजर जायची. तेवढा वेळ थांबायचं. काही रडायची. रडू द्यायची.” मग त्यांनी अधू नसलेल्या डोळ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “काय, तुझं पण माकड निघालं का?”

“निघालं.”

“लाइन मोठी लागलीये?”

“गुरुवारी आहे.”

“मग पाटीसाठी पुठ्ठा बघायला लाग,” ते म्हणाले आणि शिवायला लागले.

मंगळवारी नुसता चिमटा चिकटवलेल्या प्लेटवर आठही ओळी पिवळ्या झाल्या. बुधवारी तिने उलट बाजूने पाहिलं: उंदरांच्या सीरममध्ये आधीच भरपूर सुटा चिमटा मिसळला, की चिमट्याला ओळखणारी जेवढी प्रतिपिंडं असतील तेवढी त्यालाच धरून बसावीत, आणि जी उरतील ती खरी पाकळ्यांची. मावशींनी त्या दिवशी जेवणाची सुट्टी घेतली नाही. लाखाच्या वर गेलेला आकडा आठशेवर आला. तिने तो तीनदा मोजला, आणि तिसऱ्यांदा मोजताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. सोमवारपासून जे तिच्यावर होतं त्याचं वजन आता कळलं होतं, आणि वजन कळलेली गोष्ट उचलता येते. तिने गुरुवारच्या सादरीकरणासाठी संगणकावर केलेले अडतीस पडदे उघडले आणि पुसायला सुरुवात केली. टाळ्यांचा पडदा, उंच उंच खांबांचा पडदा, ‘सर्वोच्च प्रतिसाद’ असं लिहिलेला पडदा. उरला एक. त्यावर लिहिलं:

प्रतिपिंडं भरपूर.
कुठे बघतात: चिमट्याकडे.
खाचेकडे: जवळजवळ नाही.
सोमवारी कळलं.

शेवटची ओळ तिने एकदा खोडली आणि परत लिहिली. मग थोडा वेळ त्या ओळीकडे बघत बसली. कळलं सोमवारी हे खरं होतं, आणि नववा रकानाही खरा होता. तिने ‘सोमवारी कळलं’च्या खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘दोन वर्षांपूर्वी कळू शकलं असतं.’

गुरुवारी लांब टेबलाभोवती सातजण होते. मध्ये सर, ज्यांनी तिला नोकरीवर घेतलं होतं आणि ज्यांना तिच्या चिमट्याचा तिच्याहून जास्त अभिमान होता. दाढीवाला कोपऱ्यात, आधीच हरल्यासारखा, पेनाचं टोपण चावत. तिने पडदा दाखवला, बारावा रकाना दाखवला, बुधवारचे आठशे दाखवले. सगळं मिळून चार मिनिटं. कुणाच्या तरी खुर्चीचं चाक करकरलं.

“बाई,” सर म्हणाले, “हे आज सांगताय?”

“कालपर्यंत पुरतं माहीत नव्हतं, सर.”

“मला एकटीने येऊन सांगायचं. काहीतरी मार्ग काढला असता.” त्यांनी चष्मा काढला, पुसला. “हे बघा, एवढं घाबरायचं कारण नाही. आठशे तर आठशे, पण खाचेकडे बघणारी आहेत ना थोडी? तिसरा डोस देऊ. वाढतील.”

“वाढतील. पण चिमट्याचीच वाढतील. शरीर पहिल्या वेळी जे शिकतं तेच पुढच्या वेळी आधी गिरवतं. आपण जितक्या वेळा टोचू तितका चिमटा पाठ होईल.” तिचा आवाज तिला स्वतःलाच सपाट वाटत होता, भाज्यांची यादी वाचल्यासारखा, आणि ते बरंच होतं. “आणि सर, त्या माणसाला आपण सांगणार, तुझा आकडा लाखावर आहे, जा बिनधास्त. तो जाईल. खाच उघडीच असेल.”

“तुम्हाला कळतंय ना, हे बोलून तुम्ही काय करताय?”

“कळतंय.”

“अकरा वर्षं...”

“मोजलीत मी.”

दाढीवाल्याने पेन खाली ठेवलं. “मॅडम, खरं सांगू? तुम्ही हे दाखवलं नसतं तर मी आज हरलो असतो, आणि कशाने हरलो हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.” दोघेतिघे हसले. त्याला वाटलं प्रकरण इथे मिटलं. ती त्याच्याकडे वळली.

“तुमच्या गोळ्याचंही करून बघा. माणसांना टोचण्याआधी. नुसता गोळा मिसळून उरतं किती.”

दाढीतून फिरणारा त्याचा हात थांबला. खोलीतलं हसू जिथे होतं तिथेच विरलं. सर म्हणाले, “आता त्यांच्या मागे का लागताय?” आणि क्षणभर तिला वाटलं, खरंच, का? ही चडफड आहे का? तिने आत चाचपून पाहिलं. थोडी होती. पण चडफड वजा करूनही खाली काहीतरी उरत होतं, बुधवारच्या आठशेसारखं, कमी आणि टणक. “पाकळ्यांना धरणारं परकं काहीतरी त्यांच्या रचनेतही आहे, म्हणून,” ती म्हणाली. “आणि चाळीस माणसांना यातला फरक कळणार नाही. आपल्यालाच कळायला हवा.”

तिची रचना त्या दिवशी कपाटात गेली. दाढीवाल्याची निवडली, त्या एका चाचणीच्या अटीवर. पंधरा दिवसांनी तो स्वतः जिने चढून तिच्या खोलीत आला, धापा टाकत. नऊ हजारांतून गोळा वजा केल्यावर सहा हजार उरले होते. “उभी आहे माझी,” तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. ती म्हणाली, बसा, पाणी प्या, आणि तिला सहा हजारांचा हेवा वाटला, शुद्ध, लख्ख हेवा, दाताखाली खडा यावा तसा. तो गेल्यावर तिने सहाव्या वर्षाची वही काढली आणि ती काट शोधली. काटेखालचं वाक्य वाचता येत होतं. त्यावर तिने दुसरी काही खूण केली नाही. नव्या पानावर तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि कामाला लागली.

चिमट्यावर साखर चढवायची म्हणजे रंग लावण्यासारखं नसतं. प्रथिनाच्या साखळीत नेमक्या जागी एक-दोन कड्या बदलाव्या लागतात, की पेशी स्वतःच तिथे साखर जोडते. जागा चुकली तर चिमटा सुटतो आणि पाकळ्या लोळतात. पहिल्या चार जागा चुकल्या. पाचवीला पाकळ्या उभ्या राहिल्या पण चिमट्याची एक बाजू उघडी राहिली. मोठी खोली तिच्याकडून गेली. ती आणि मावशी मागच्या बाजूच्या, एका खिडकीच्या खोलीत आल्या, जिथे दुपारी ऊन थेट थंड पेटीवर पडायचं आणि पेटी कण्हायची. सर जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे. नातेवाईक फोन करायचे, तुझी लस कधी येतेय, आणि ती म्हणायची, येत नाहीये सध्या, आणि पलीकडचा माणूस बिचारा गडबडून विषय बदलायचा. या सगळ्यात तिला वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसल्यावर ती कधी कधी ते वाटून पाहायची, जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशी, आणि मग तिच्या डोक्यात सहावी जागा यायची, सातवी, आणि ती तिकिटाच्या मागे पेन्सिलीने खुणा करायला लागायची. पाचव्या आणि आठव्या जागी मिळून साखर बसली. सगळीकडून झाकलेला चिमटा, घट्ट धरणारा, न दिसणारा. उंदरांना पहिली सुई दिली त्या दिवशी तिने वडिलांना सांगितलं, फडकं टाकलंय. ते म्हणाले, आता थांबायचं.

सात महिन्यांनी, मावशींच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना, नव्या उंदरांच्या सीरमची पहिली प्लेट लागली. बाराव्या रकान्यात मावशींनी न सांगता नुसता चिमटा घातला होता, जुना, उघडा. शेवटचं द्रावण घातल्यावर दोघी उभ्याच राहिल्या. पहिले अकरा रकाने पिवळे झाले, पण फिके, लांबच्या खोलीतल्या दिव्यासारखे, आणि सीरम पातळ होत गेलं तसे वरून खाली लवकरच विझत गेले. ती खालच्या ओळींकडे बघत राहिली. आकडा आला बत्तीसशे.

“लाखावरून बत्तीसशे,” मावशी म्हणाल्या. “ताई, ही दाखवायला नेऊ नका कुणाला. हसतील.”

“दुसरी चाचणी आणा.”

दुसरी चाचणी म्हणजे पेशींची पातळ साय पसरलेल्या बशा, ज्यांवर सीरम मिसळलेला विषाणू तीन दिवसांपूर्वी सोडला होता. विषाणूला कुणी अडवलं नाही तर तो त्या सायीला भोकं पाडतो, चाळण होते. डाव्या बशीत लाखाचं जुनं सीरम होतं: चाळण. उजवीकडे नवं. मावशींनी बशी उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोजायला लागल्या. एक. दोन. त्यांचं बोट बशीभर फिरलं आणि परत आलं. “दोन,” त्या म्हणाल्या. “दोनच भोकं आहेत हो.” आणि त्यांनी ती बशी इतक्या जपून टेबलावर ठेवली की आवाजच झाला नाही.

तिने बत्तीसशे हा आकडा वहीत लिहिला. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. गुरुवारी निवड झाली तेव्हाचं ते टेबल, सरांचा पुसलेला चष्मा, दाढीवाल्याच्या चाळीस माणसांचे दंड, ज्यांत आता सहा हजारांची ती लस टोचली जात होती आणि ती चांगली होती, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिने जाऊ दिलं. पुढची निवड दहा वर्षांनी असेल, बारा वर्षांनी असेल. आता तिला उंदरांची दुसरी तुकडी हवी होती, मग ससे, मग मोठ्या खोलीसाठी अर्ज, मग सरांशी भांडण. तिने पहिली प्लेट तळहातावर घेतली आणि खिडकीशी नेली. अकरा रकाने फिके पिवळे होते. बाराव्यातून, आठही खळग्यांतून, तिला स्वतःच्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

“उद्याच्या प्लेटवर घालायला शेजारचं उरलंसुरलं काही नाही,” मावशी मागून म्हणाल्या. “बारावा रिकामा ठेवू?”

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्या जागी जी कोण येईल, तिलाही सांगून ठेवा. रिकामा ठेवायचा नाही.”

आणि वाकून तिने बुटाची सुटलेली नाडी बांधली.